ओळखीचं कुणी स्टेजवर नसताना पाहिलेली पुरुषोत्तमची फेरी

ऑगस्ट लागला की आमच्या गल्लीत संध्याकाळी एक आरोळी येते. "अरे आवाज कुणाचा!" आणि तिच्या पाठोपाठ एखाद्या कॉलेजचं नाव, शे-दोनशे गळ्यांतून. लग्न होऊन सदाशिव पेठेत आले त्याला चौतीस वर्षं झाली. इतकी वर्षं ती आरोळी आली की मी रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायचे. मुलगा लहान होता तेव्हा त्याच्या अभ्यासासाठी, सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्या झोपेसाठी, आणि नंतर नुसती सवय म्हणून. भरतवर कॉलेजच्या मुलांची एकांकिकांची स्पर्धा असते, तिला पुरुषोत्तम म्हणतात, एवढं ठाऊक होतं. घरापासून भरत नाट्य मंदिर चालत सात मिनिटं. चौतीस पावसाळ्यांत ती सात मिनिटं मी कधी चालले नव्हते.

गेल्या ऑगस्टमध्ये चालले. प्राथमिक फेरीच्या तीन संध्याकाळी बसले, एकूण नऊ एकांकिका पाहिल्या, आणि मग अंतिम फेरीलाही गेले. हे लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठी. ज्यांचं त्या स्टेजवर कुणी नसतं, ज्यांना नाटकातलं फार कळत नाही, आणि म्हणून जे "आपण कशाला जायचं तिथे" म्हणत घरीच राहतात.

आधी थोडी माहिती. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक भरवते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, म्हणजे स्टेजवर दिसणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कॉलेजात शिकणारा. पन्नासच्या आसपास संघ प्राथमिक फेरीत उतरतात, त्यातले ९ अंतिम फेरीत जातात. एकेक एकांकिका तासाभराच्या आतली. सगळा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर, त्यामुळे सेट साधे असतात. दोन लेव्हल म्हणजे लाकडी चौथरे, एक खाट, एक दाराची चौकट, आणि बाकीचं घर तुम्ही मनात बांधायचं. जब्बार पटेल, मोहन आगाशे ही माणसं मेडिकलला असताना या स्पर्धेतून पुढे आली. परीक्षक कडक असतात. २०२२ साली अंतिम फेरी झाली आणि करंडक कुणालाच दिला नाही. त्या वेळी पेपरात वाचलं तेव्हा मला ते कठोर वाटलं होतं. आता नऊ एकांकिका पाहिल्यावर वाटतं, या मुलांना इतकं मनावर घेणारं कुणीतरी आहे, हीच मोठी गोष्ट आहे.

पहिल्या दिवशी मी ठरवून गेले नव्हते. पेरूगेटकडून भाजी घेऊन येत होते. भुरभुर पाऊस होता. भरतच्या दाराशी एक टेम्पो उभा होता आणि चार-पाच मुलं त्यातून लाकडी लेव्हल उतरवत होती. एका मुलीने अंगातला रेनकोट काढला होता आणि तो पुठ्ठ्याच्या तुळशीवृंदावनावर घातला होता. स्वतः भिजत उभी होती. वृंदावनाचा गेरू ओला होता, तिच्या बाहीला लागला होता. मी थांबून बघत राहिले. त्या वृंदावनाचं पुढे काय होतं ते मला बघायचं होतं. खरं कारण एवढंच.

तिकीट तिथेच खिडकीवर मिळालं. रांगेत पुढच्या मुलाने वळून विचारलं, "काकू, तुमचं कोण आहे? मुलगा का मुलगी?"

"कुणी नाही रे. बघायला आलेय."

"म्हणजे नुसतंच?"

"नुसतंच."

त्याने मागे बघून मित्राला सांगितलं, "अरे, काकू नुसत्याच बघायला आल्यात!" त्याच्या आवाजात जो आनंद होता तो मी विसरणार नाही. मग त्यानेच समजावलं, अगदी पुढे बसू नका, मान दुखते, पाचवी-सहावी ओळ धरा, मधली. भाजीची पिशवी पायाशी ठेवायला जागा होते का तेही बघून दिलं. घरी फोन करून सांगितलं, आमटी गरम करून घ्या, मला उशीर होईल.

आता एकांकिकांबद्दल. नऊच्या नऊ चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही, ते त्या मुलांवरही अन्याय करणारं होईल. तीन मला अजिबात पोचल्या नाहीत. त्यांत सगळी पात्रं पहिल्या मिनिटापासून ओरडत होती, आणि माणूस सुरुवातीलाच ओरडला की पुढे जायला त्याला जागाच राहत नाही. रेकॉर्ड केलेलं संगीत संवादावर चढत होतं. काळोख करून प्रसंग बदलायची सवय तर फारच होती. एकीत मी मोजले, अकरा वेळा काळोख. दर वेळी मनातलं घर विस्कटतं आणि पुन्हा मांडावं लागतं. शेवटी कुणीतरी मेलंच पाहिजे असाही एक समज दिसला. नऊपैकी पाचांत मरण होतं. वीस वर्षांच्या मुलांना मरणाबद्दल इतकं का लिहावंसं वाटतं, हे मला खरोखर त्यांना विचारायचं आहे.

पण वृंदावनाची सांगते. ती एकांकिका दुसरी होती. वाडा पडणार, बिल्डरला दिलाय, घरातल्या तिघी बायकांनी सामान आवरायचं, एवढंच कथानक. थोरली जाऊ, धाकटी जाऊ आणि एक लग्न न झालेली नणंद. बोलतात ते सगळं भांड्यांबद्दल. हा तांब्या कुणाचा, ही परात कुणी आणली, हा खलबत्ता दोघींनी कसा वाटून घ्यायचा. वृंदावन मागे कोपऱ्यात, कुणी त्याच्याकडे बघत नाही. अगदी शेवटी नणंद एकटी उरते, पाण्याचा तांब्या घेते, वृंदावनाला घालते आणि उरलेलं पाणी स्वतः पिते. पडदा. जिने वृंदावनावर रेनकोट घातला होता तीच नणंद झाली होती. बाहीला लागलेला गेरू तसाच होता, धुवायला वेळ मिळाला नसावा, आणि तो त्या साडीच्या पोलक्यावर इतका बरोबर दिसत होता की मुद्दाम लावला असं वाटावं. पडद्यानंतर माझ्या मागच्या ओळीतून आरोळी उठली, "अरे आवाज कुणाचा!" इतक्या जवळून मी ती पहिल्यांदा ऐकली. छातीत घुमते. खिडकीतून येते ती तिची नुसती सावली.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेले. तिसऱ्या वेळी खालच्या मजल्यावरच्या वहिनींना घेऊन गेले.

त्या दुसऱ्या संध्याकाळबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण तिथे माझ्या स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट समोर आली. मी एकतीस वर्षं पोस्टात काउंटरवर काढली, त्यातली बरीचशी बचत खात्याच्या खिडकीवर. पैसे काढायला येणाऱ्यांत सही न येणारी माणसं पुष्कळ असत. स्टॅम्पपॅड पुढे सरकवायचं, पुरुषाचा डावा अंगठा धरायचा, थोडा कलता टेकवून दुसऱ्या बाजूपर्यंत फिरवायचा म्हणजे ठसा पुरता उठतो. साक्षीदाराची सही घ्यायची, पुढचा माणूस. असे किती अंगठे मी धरले असतील, कधी हिशेब केला नाही.

एकांकिकेत एक म्हातारा होता. धरणात जमीन गेलेला, भरपाईचे पैसे घ्यायला तालुक्याच्या कचेरीत आलेला. सोबत नातू. त्यांची सगळी धडपड कागदावरच्या नावात एक अक्षर चुकलंय म्हणून. लेखन मध्ये जरा लांबलं, नातवाची भाषणं कापायला हवी होती. पण शेवटाला काम होतं, कारकून स्टॅम्पपॅड पुढे करतो, म्हातारा अंगठा देतो. आणि मग तो मुलगा, असेल वीस-एकवीस वर्षांचा, केसांना पावडर लावून पंचाहत्तरीचा झालेला, त्याने काय केलं तर अंगठा वर धरून एकदा शाईकडे पाहिलं आणि कानामागे हात नेऊन तो केसांना पुसला. एक क्षण. संवाद नाही, प्रकाश नाही त्याच्यावर. नातू तेव्हा पुढे काहीतरी बोलत होता आणि सगळं प्रेक्षागृह नातवाकडे बघत होतं.

माझ्या अंगावर काटा आला. कारण ते तसंच असतं. आमच्या काउंटरवर शाई पुसायला फडकं ठेवलेलं असायचं, आणि तरी कितीतरी माणसं अंगठा डोक्याला पुसत निघून जायची. एकतीस वर्षं ते माझ्या डोळ्यांपुढे झालं आणि मी ते कधी मनात धरलं नव्हतं. ते मला या मुलाने परत दिलं.

मध्यंतरात मी त्याला शोधत बाहेर गेले. आवारात गर्दी होती, चहाचे कप, हातात हात धरून रडणाऱ्या दोन मुली, "लाइट लेट आला" म्हणून एकमेकांना बोलणारे दोघे. तो कोपऱ्यात नळाखाली डोकं धरून पावडर धूत होता. अर्धे केस काळे, अर्धे पांढरे. मी म्हटलं, "अरे, अंगठा केसांना पुसलास तो दिग्दर्शकाने सांगितला का?"

तो दचकलाच. "तुम्हाला दिसला?"

"मी पोस्टात होते. आयुष्यभर तेच बघितलं."

मग तो बोलायला लागला. केजकडचा होता. त्याची आजी बँकेत अंगठा देऊन आली की हात असा केसांत न्यायची. तेलाच्या केसांनी शाई निघते, म्हणायची. तालमीत त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, एका दिवशी आपोआप हात गेला, मग तो तसाच ठेवला. "कुणी बघत नाही काकू, तिथे नातवाचं चालू असतं. पण मला बरं वाटतं." असं म्हणाला आणि मग त्याने मला असा प्रश्न विचारला की मला उत्तर द्यायला वेळ लागला. "तुम्ही अंगठा घेताना त्या माणसाकडे बघायचात का?"

मी खरं ते सांगितलं. नव्हते बघत. मागे रांग असायची. मी अंगठ्याकडे बघायचे, कागदाकडे बघायचे, आणि "पुढचे" म्हणायचे. चेहरा बघितला असता तर दिवसाला जेवढे लोक सुटतात तेवढे सुटले नसते. पण कुणाचा अंगठा शेतीचा, कुणाचा विणकामाचा, कुणाचा भांडी घासून गुळगुळीत झालेला, ठसाच उठत नाही असा, हे मला हाताला कळायचं.

तो ऐकत राहिला. डोक्यातून पाणी निथळत होतं. मग मागे वळून कारकुनाचं काम केलेल्या मुलाला त्याने हाक मारली, "ए, इकडे ये, काकू काय सांगतायत ऐक." आणि मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, हात धरून दाखवावं लागलं. त्या कारकुनाचा अंगठा मी धरला. मऊ होता, नुसत्या पेनाचा. तिसरी घंटा झाली तरी आमचं चाललंच होतं.

पोस्टात असताना पाकिटांवरच्या गावांची नावं वाचायचा मला नाद होता. धडगाव, मोखाडा, सिरोंचा. कधी जाणार नाही हे ठाऊक असायचं, पण तिथे कुणी कुणाला काय लिहिलं असेल, हा विचार टपाल वेगळं करताना डोक्यात असायचा. पाकीट मात्र फोडायचं नसतं. नाटकाला जाऊन बसल्यावर मला वाटलं, ती सगळी पाकिटं कुणीतरी माझ्यापुढे उघडून ठेवतंय. बोली वेगवेगळ्या येतात. नगरकडची, मराठवाड्याची, कोकणातली, आणि आपली पेठेतलीही. नऊ एकांकिकांत मी निदान पाच प्रकारची मराठी ऐकली, आणि बोलणाऱ्यांत बरीच मुलं ती घरून घेऊन आलेली होती, शिकून घेतलेली नव्हती. ते लगेच ओळखू येतं. शिकलेली बोली शब्दांत असते, घरची श्वासात असते.

जाणार असाल तर काही गोष्टी सांगते. ऑगस्टमध्ये पेपरात वेळापत्रक येतं त्यावर लक्ष ठेवा. गाडी नेऊ नका, सदाशिव पेठेत संध्याकाळी लावायला जागा मिळणं कठीण, टिळक रोडला रिक्षा सोडा आणि चालत या. वेळेच्या आधी जा, कारण आवारात जे चालतं तेही बघण्यासारखं असतं. सगळा संघ गोल करून उभा राहतो, एकमेकांच्या खांद्यावर हात, डोळे मिटलेले, आणि मग ती आरोळी. एकांकिका सुरू झाल्यावर उठू नका. मधूनच दार उघडलं की बाहेरचा उजेड थेट स्टेजवर जातो. आणि फोन बंद ठेवा. तिसऱ्या संध्याकाळी एका मुलीचं मोठं स्वगत चालू होतं, अगदी हळू आवाजातलं, आणि माझ्या डाव्या हाताला एका गृहस्थांचा फोन वाजला. त्यांनी तो उचललाही. मुलगी थांबली. थांबली म्हणजे घाबरून नव्हे, तिने त्या आवाजाकडे मान वळवली, तो संपेपर्यंत वाट पाहिली, आणि जिथे सोडलं होतं त्याच शब्दावर परत आली. प्रेक्षागृहात टाळ्या पडल्या. मला मात्र तिच्यासाठी वाईट वाटलं. तालमीचे कितीतरी दिवस त्या एका शब्दाआधीच्या शांततेसाठी गेले असणार.

लहान मुलांना न्यावं का, असं मला कुणीतरी विचारलं. सात-आठ वर्षांच्या पुढच्यांना न्या, पण सगळेच विषय त्यांच्यासाठी नसतात. वयस्कर माणसांना जरूर न्या. वहिनींना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांना आम्ही कडेची खुर्ची धरली, पाय लांब करता आले. मध्यंतरात मुलांपैकी एकीने आपणहून त्यांना चहा आणून दिला आणि पैसे घ्यायला तयार होईना. वहिनी वाटेत मला म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण खिडकी लावत होतो की गं." मी त्यांच्याशी त्यावर काही बोलले नाही.

या एका ऑगस्टने मला पुढेही बरंच बाहेर काढलं. फिरोदिया करंडकाला गेले, तिथे नाटकाच्या आत चित्रकला, रांगोळी, वाद्यं असं सगळं येतं आणि मला ते जरा गच्च भरल्यासारखं वाटलं, तरी एका मुलाने स्टेजवर उभ्या उभ्या चाकावर काढलेला माठ अजून डोळ्यांपुढे आहे. डिसेंबरात सवाई गंधर्वला भारतीय बैठकीवर बसले. तिथे राग ओळखणारे शेजारी होते, मला एकही ओळखता आला नाही, आणि शेजारच्या आजोबांना विचारलं तर त्यांनी इतक्या आपुलकीने सांगितलं की पुढचे दोन तास मी त्यांच्या बोटांवरून ताल मोजत होते. विचारलं की माणसं सांगतात. पुण्यात माणसं फटकळ असतात असं म्हणतात, पण ज्या गोष्टीवर त्यांचं प्रेम असतं ती कुणी विचारली तर ती हातातलं काम सोडून सांगतात, हा माझा या वर्षभराचा अनुभव आहे.

आता अंतिम फेरीचं. नऊ संघांची यादी आली त्यात केजच्या मुलाचं कॉलेज होतं. वृंदावनवाल्यांचं नव्हतं, त्याचं मला मनापासून वाईट वाटलं, माझ्या हातात असतं तर मी त्यांना पहिलं धरलं असतं. तिकिटासाठी वहिनी आणि मी सकाळीच जाऊन रांगेत उभ्या राहिलो. त्या रात्री आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. जुने विद्यार्थी, केस पिकलेले, पोट सुटलेले, आपापल्या कॉलेजचं नाव घेऊन ओरडत होते, आणि त्यांच्या शेजारी आत्ता पहिल्या वर्षाला असलेली पोरं.

करंडक दुसऱ्या कॉलेजला गेला. तो कुठल्या, का, त्यावर त्या रात्री टिळक रोडवर पुष्कळ चर्चा झाली असणार. मी सांगणार आहे ते कचेरीचं. नातवाची दोन भाषणं त्यांनी कापली होती. शेवटाला कारकुनाने स्टॅम्पपॅड पुढे केलं, म्हाताऱ्याचा डावा अंगठा धरला, कलता टेकवला आणि हळूच दुसऱ्या बाजूपर्यंत फिरवला. एकदाही त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पण अंगठा लगेच सोडलाही नाही. आपल्या बोटाने त्याची कातडी एकदा चाचपली, आणि मग म्हणाला, "पुढचे."

नातू पुढे येऊन बोलायला लागला. सगळं प्रेक्षागृह त्याच्याकडे वळलं. मागे अंधारात म्हाताऱ्याने अंगठा वर धरला, शाईकडे पाहिलं, आणि हात कानामागे नेला. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांनाही दिसलं होतं.